दाताला एकोणचाळीस ताप

झाकण मी फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काका माझ्यावर ओरडले की तुम्हाला माझी दया येणार नाही.

साधं झाकण होतं. निळं, प्लास्टिकचं, कुठल्यातरी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं. बाटली कधीच गेली. खोकला कोणाला झाला होता तेही कोणाला आठवत नाही. झाकण मात्र काकांच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं, त्याला तारेचा छोटा कान करून. त्याला काकांशिवाय कोणी हात लावायचा नाही. काकूने एकदा स्वच्छ धुऊन ठेवलं तर घरात दोन दिवस अबोला होता.

कारण त्या झाकणाने हार्डनर मोजायचा.

ज्यांनी फायबरग्लासचं काम बघितलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रेझिन म्हणजे पातळ मधासारखं असतं, वास असा की पहिल्या दिवशी डोकं दुखतं आणि दुसऱ्या महिन्यापासून तो वास आला नाही तर दुखतं. काचेच्या धाग्यांची मॅट असते, गोधडीच्या पोटातल्या कापसासारखी. मॅट अंथरायची, ब्रशने तिला रेझिन पाजायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची. सुकलं की दगड. पण रेझिन आपणहून सुकत नाही, आळशी आहे. त्याला हार्डनर लागतो. तो दिसतो पाण्यासारखा, पण डोळ्यात गेला तर डोळा जातो. कमी घातला तर माल दिवसचे दिवस चिकट राहतो. जास्त घातला तर डब्यातच तापतो, धूर काढतो आणि मालाला तडे. त्यात पुन्हा हवेचं नाटक. उकाड्यात रेझिनला घाई असते, थंडीत ते पांघरूण घेऊन पडतं.

एवढंच शास्त्र. मी ते मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. काका अंगठ्याने शिकले.

काकांचा नियम होता, एक किलोच्या डब्याला उकाड्यात दीड झाकण, थंडीत दोन. सुकलं का ते अंगठा दाबून बघायचं. अंगठा म्हणाला झालं, की झालं. मी वहीत टक्के लिहायचो, डिग्री लिहायचो, भिंतीवर थर्मामीटर लावला होता, हार्डनरसाठी सुईशिवायची सिरिंज आणली होती. काका मला प्रोफेसर म्हणायचे.

"प्रोफेसर, तुमच्या वहीत झाडू मारायचं काही लिहिलंय का?"

"नाही काका."

"मग लिहा. आणि मारा."

तर उकाड्याच्या शेवटी एक दिवस आम्ही पोहण्याच्या तलावाची घसरगुंडी उलटी करत होतो. तिचं शेपूट भिंतीला लागलं, खिळ्यावरचं झाकण खाली पडलं आणि मी त्याच्यावर उभा राहिलो. काका पुढचं टोक धरून दाराबाहेर होते, त्यांना काही दिसलं नाही. दोन तुकडे झाले.

मी काय केलं ते सांगतो, लाज वाटते तरी. मेडिकलमध्ये पळत गेलो. खोकल्याच्या औषधांच्या सगळ्या बाटल्या काउंटरवर मांडायला लावल्या. मेडिकलवाला विचारतोय, खोकला कोरडा आहे की कफाचा, आणि मी सांगतोय, निळा. सापडली एक. तोच रंग, तीच उंची. औषध काकूच्या फ्रिजमध्ये ठेवून दिलं. झाकण पॉलिश पेपरने घासलं, त्याच्यावर रेझिनचे दोन ओघळ सोडले, तारेचा कान केला, मळक्या फडक्यात रगडलं. वीस वर्षांचं झाकण दोन तासांत तयार. इतकं मन लावून मी शाळेत एक चित्र जरी काढलं असतं तरी आज कुठेतरी असतो.

पण एक गोष्ट केली नाही. मी, ज्याची सिरिंज शर्टाच्या खिशात असते, जो काकांना दर आठवड्याला ऐकवतो की अंदाजाने काम करणं म्हणजे मागासलेपणा, त्या मी ते झाकण किती धरतं हे मोजलं नाही. बाहेरून सारखं दिसलं, बस.

आता दात.

ताई म्हणजे काकांची मुलगी, माझी चुलत बहीण. दातांची डॉक्टर. नवीन दवाखाना उघडत होती, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. ज्या रस्त्यावर जागा मिळाली तिथे आधीच तीन दातवाले, प्रत्येकाचा बोर्ड तिच्या जागेपेक्षा मोठा. काका म्हणाले, "बोर्ड कशाला? दात लावू. माणसाएवढा. लांबून दिसेल."

ताईने नुसती मान डोलावली. तिला कान आठवला असणार.

कानाची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी काढत नाही. ताई आठवीत असताना शाळेच्या प्रदर्शनाला काकांनी तिला फायबरग्लासचा कान करून दिला होता, दोन फुटी, आतली नळी, पडदा, सगळं. थंडी होती, घाई होती. कान वरून चकाचक आणि हाताला चिकट. मुख्याध्यापक आले, कौतुकाने कानाच्या पाळीवर हात ठेवला, भाषणासारखं दोन मिनिटं बोलले आणि निघाले तर कान सोबत. बाही फाडून सुटका झाली. त्या दिवसापासून ताईचं नाव डिंकी. दहावीपर्यंत डिंकी. कॉलेजात गेली तर तिथे शाळेतली एक मुलगी होती, म्हणून तिथेही डिंकी.

काकांनी त्यानंतर ताईसाठी कधी काही केलं नाही. म्हणजे फी भरली, गाडी शिकवली, सगळं बापाचं केलं. हाताने काही बनवून दिलं नाही. विचारलंच नाही. तिनेही मागितलं नाही. आणि आता एकदम दात.

"बाबा, कडक होईल ना?" एवढंच तिने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याच्या डोक्यापेक्षा कडक होईल."

"मला नवरा नाहीये."

"मग मला हातोड्याने बघावं लागेल."

आम्ही आधी लाकडाची चौकट केली, तिच्यावर जाळी, जाळीवर प्लास्टर. दाढ होती, चार मुळांची. ताई म्हणाली वरच्या दाढेला तीनच मुळं असतात. काका म्हणाले, तीन पायांवर उभी राहत नाही, चार घे. प्लास्टर सुकल्यावर गुरुवारी सकाळी त्याच्यावर मॅट आणि रेझिन चढवायचं ठरलं.

गुरुवारी भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये अकरा डिग्री. मी म्हटलं, "काका, अकरा आहे. जरा दिवे लावून खोली गरम करू, मग लावू."

"थंडीची दोन झाकणं. वीस वर्षं थंडी पडतेय, प्रोफेसर. तुझा थर्मामीटर आल्यापासून नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. दोन झाकणं म्हणजे किलोला वीस मिली, दोन टक्के. अकरा डिग्रीला दोन टक्क्यांनी उशीर झाला असता, पण काम झालं असतं. सहा डबे रेझिन घातलं. प्रत्येक डब्याला काकांनी झाकण काठोकाठ भरलं, डोळ्यांसमोर धरलं, ओतलं, पुन्हा भरलं, ओतलं. ओतताना कोणी बोलायचं नाही हा इथला कायदा. मी ढवळलं. संध्याकाळी दात ओला, चमकणारा, उभा. काका त्याच्याकडे बघत हात पुसत बसले, फडकं कोरडं झालं तरी पुसतच होते.

शुक्रवारी सकाळी काकांनी अंगठा दाबला. अंगठा आत गेला आणि बाहेर येताना धागे घेऊन आला.

"थंडी," काका म्हणाले.

दुपारी पुन्हा दाबला. तसाच.

काका वर्कशॉपमागच्या घरात जाऊन बसले आणि मी भिंतीवरच्या झाकणाकडे बघत उभा राहिलो. झाकण काढलं, सिरिंजने पाणी भरत गेलो. पाच मिलीला काठ आला.

पाच.

मी झाकण उलटसुलट केलं. आता नीट बघितलं तर आत दुसरं झाकण होतं, आतल्या आत, मध्ये पोकळी. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून हल्ली अशी दुहेरी झाकणं करतात. लहान मुलांपासून वाचवलं, आम्हाला कोण वाचवणार.

जुन्या झाकणाचे तुकडे मी फेकले नव्हते. का ते विचारू नका, माझ्या टूलबॉक्समध्ये मोज्यात गुंडाळून ठेवले होते. काढले, चिकटवले, अर्ध्या तासाने पाणी भरलं. दहा. बरोबर दहा.

म्हणजे मी झाकण बदलल्यापासून काका प्रत्येक कामात अर्धाच हार्डनर घालत होते. उकाड्यात तेवढ्यावरही भागलं, गरम हवेने सांभाळून घेतलं, फक्त माल दुसऱ्या दिवशी सुकायचा. थंडी पडली आणि उघडं पडलं.

मी तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेलोही. आत काका काकूला सांगत होते.

"हात गेला माझा."

"काय बोलता."

"खरं तेच. चार महिने बघतोय. घसरगुंडीला दोन दिवस लागले. टाकीच्या झाकणाला दोन दिवस लागले. माझा हात एका थेंबाने चुकायचा नाही. आता काय होतंय कळत नाही. डॉक्टरला अंगठा दाखवून आलो."

"कधी? आणि काय म्हणाला?"

"म्हणाला अंगठा आहे. गोळ्या दिल्या जीवनसत्त्वाच्या." मग खुर्ची सरकली. "पोरीचा दात झाला की बंद करू. पोराला सांग दुसरीकडे बघ म्हणून. हुशार आहे, वही लिहितो."

मी दारातून मागे फिरलो. आता तुम्ही म्हणाल, हीच तर वेळ होती. कळतंय हो. पण त्या माणसाने मला नुकतंच हुशार म्हटलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, तेही माझ्या पाठीमागे. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सुकेलही. सुकलं की कोणाला काही सांगायची गरज नाही. झाकण गुपचूप बदलू. असा विचार करत मी शुक्रवारची संध्याकाळ काढली आणि दर अर्ध्या तासाने दाताला बोट लावून बघत राहिलो, आणि दर वेळी बोट पुसत राहिलो.

शनिवारी सकाळी नऊला काका फोनवर होते. रेझिनवाल्याला धरलं होतं.

"माल जुना दिलास तू मला. मेलेला माल आहे... काय? त्याच ड्रमातलं दुसऱ्यांना दिलं? त्यांचं सुकलं? मग त्यांचंच कौतुक कर." फोन आपटला. माझ्याकडे वळले. "रेझिन खराब. सगळं खरवडून काढायचं. सोमवारी नवा ड्रम येईल."

"उद्घाटन उद्या आहे काका."

"मला कॅलेंडर वाचता येतं."

तेवढ्यात ताई आली. तिला दात बघायचा होता, सहज, दवाखान्याच्या किल्ल्या हातात, केस बांधलेले, खूश. सरळ दाताजवळ गेली आणि आमच्यापैकी कोणी काही बोलायच्या आत हात लावला.

हात चिकटला.

तिने ओरडा केला नाही. हळूच एकेक बोट सोडवलं, जसं कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून सोडवतात. मग म्हणाली, "बाबा, असू दे. मी बोर्ड सांगितलाय एक. छोटासाच. चालेल."

म्हणजे तिने आधीच बोर्ड सांगून ठेवला होता. काकांना ते कळलं. त्यांनी खुर्चीखालचा पत्रा काढला, खरवडायचा, आणि दाताकडे निघाले.

"काका, खरवडू नका. हार्डनर अर्धाच पडलाय," मी म्हटलं.

"दोन झाकणं घातलीत मी. तू ढवळत होतास."

"दोन झाकणं घातलीत. झाकण लबाड आहे."

आणि मग सगळं सांगितलं. घसरगुंडी, मेडिकल, पॉलिश पेपर, रेझिनचे ओघळ. बोलताना मी दाताकडे बघत होतो, दाताला तोंड नसतं म्हणून बरं. शेवटी मोज्यातून जुनं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं, मध्ये चिकटवलेलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होती. पहिली तीच बोलली. "तरीच फ्रिजमध्ये ते औषध. मी पिऊन टाकलं अर्धं, मला वाटलं ह्यांनी माझ्यासाठी आणलं."

काका त्या झाकणाकडे बघत होते. "हे किती धरतं?"

"दहा."

"आणि ते?"

"पाच."

"उकाड्यापासून?"

"हो."

"म्हणजे घसरगुंडी तुझी."

"हो."

"टाकीचं झाकण तुझं."

"हो काका."

"मी अंगठा डॉक्टरला दाखवला रे गाढवा. त्याने मला विचारलं, मोबाइल जास्त वापरता का. मी. मोबाइल." मग त्यांनी मला एक टपली मारली, डोक्यात, चांगली सणसणीत. आणि दुसरी मारायला हात उचलला तो मध्येच थांबला, कारण त्यांना हसू येत होतं आणि ते दाबायचा प्रयत्न चालला होता. हाताकडे बघितलं, मूठ उघडली, मिटली. "हात ठीक आहे," काकूला म्हणाले. "ऐकलंस? हात ठीक आहे. पुतण्या खराब आहे."

"ते मला आधीपासून माहीत होतं," काकू म्हणाली.

ताई अजून तिथेच उभी, बोटं ॲसिटोनच्या फडक्याने पुसत. "मग आता?"

तेव्हा पहिल्यांदा काकांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रोफेसर म्हणाले तर ते खरंच प्रोफेसर असेल. "बोल."

मी म्हटलं, "हार्डनर बिलकुल नसता तर खरवडण्याशिवाय इलाज नव्हता. पण आहे. एक टक्का आहे. उकाड्यात ह्याहून कमीवर घसरगुंडी झाली होती. आता ऊब मिळाली नाही म्हणून झोपलाय. दाताला उकाडा आणून द्यायचा."

"शेगडी पेटवतो," काका म्हणाले आणि निघालेच.

"शेगडी नको. ह्या वासाला आग लागते. दात, वर्कशॉप आणि आपण, सगळेच कडक होऊ."

"मग?"

मग शेजारचा पिल्लंवाला. तो कोंबडीची पिल्लं उबेत ठेवायला मोठे बल्ब लावतो. काका गेले आणि चार बल्ब घेऊन आले. पिल्लंवाला मागोमाग आला, कारण त्याला पटेना की दाताला ऊब लागते. आम्ही दाताभोवती बांबू उभे केले, वरून ताडपत्री टाकली, आत बल्ब लावले, दातापासून हातभर लांब. लांबून बघितलं तर कोणीतरी वाफ घेत बसलंय असं वाटायचं.

"किती तापवायचा?" काकांनी विचारलं.

"चाळीसच्या खाली. त्याच्यावर गेला तर आतलं प्लास्टर तडकेल, वर फुगे येतील. पण भिंतीवरचा थर्मामीटर हवा मोजतो. दात किती तापला ते कळलं पाहिजे."

ताईने पर्स उघडली आणि ताप बघायचा थर्मामीटर काढला. "हा बत्तीसपासून बेचाळीसपर्यंत दाखवतो."

मी विचार केला. "बरोबर तेवढाच पाहिजे."

"मग ताप आणा," ताई म्हणाली. "झटके येऊ देऊ नका."

आम्ही थर्मामीटर दाताला टेपने चिकटवला, दोन मुळांच्या मध्ये. चिकटवायला टेप लागलीच नसती म्हणा. पहिला अर्धा तास त्याने आकडाच दाखवला नाही, नुसत्या रेषा. काकू म्हणाली, "गेलाय." मग तेहतीस आलं. मग पस्तीस. साडेअकराला सदतीस. ताडपत्रीत कोण डोकं घालणार ह्याच्यावरून भांडण, कारण आत वास असा की डोळ्यांतून पाणी. शेवटी पाळ्या लावल्या. मास्क एकच होता, तो फिरत होता.

"अडतीस," काकू आतून सांगायची, आणि काका बाहेरून विचारायचे, "अंगावर पुरळ?"

एकोणचाळीसला मी एक बल्ब काढायला लावला.

काकांना मात्र अंगठ्याशिवाय राहवत नव्हतं. दर थोड्या वेळाने ताडपत्रीत हात घालून दाबायचे. मी सांगितलं, नका दाबू, ताई म्हणाली, बाबा, एकाच जागी दाबताय तुम्ही. ते म्हणायचे, एकाच जागी दाबलं तर फरक कळतो. ह्यात तर्क होता, म्हणून आम्ही दाबू दिलं. एक वाजता अंगठा आत जात होता पण धागे येत नव्हते. दोनला आत जाईना, नुसता खळगा पडला. पिल्लंवाला म्हणाला, माझी पिल्लं गारठतील, एक बल्ब द्या. काकांनी त्याला जेवायला बसवलं. तो जेवला आणि विसरला.

अडीच वाजता थर्मामीटर चाळीस पॉइंट दोन. कोणी वाढवलं नव्हतं. मी घाबरलो, मग कळलं. "आतून तापतंय," मी ओरडलोच. "रेझिन जागं झालं. आता स्वतःच तापतंय. सगळे बल्ब बंद करा."

"बंद केले तर पुन्हा झोपेल," काका म्हणाले.

"नाही झोपणार. आता त्याला आपली गरज नाही."

आम्ही बंद केले. ताडपत्री वर केली. चाळीस पॉइंट पाच झालं. मग चाळीस. मग एकोणचाळीसवर येऊन बराच वेळ तिथेच. ताई थर्मामीटरकडे असं बघत होती की तिच्या पेशंटने बघितलं तर तिच्याकडे रांग लागेल.

चार वाजता काकूने पळी आणली आणि दातावर मारली. सकाळपासून तो आवाज थप असा यायचा, ओल्या कणकेवर मारल्यासारखा. आता टक. तिने पुन्हा मारली. टक.

काकू आत गेली आणि भांडी जोरात घासायला लागली, म्हणजे खूश होती.

रविवारी सकाळी मी वरचे उंचवटे घासून काढले आणि शेवटचा पांढरा कोट राहिला. त्यात मेण घालतात, म्हणजे वरचा थर हवेने चिकट राहत नाही. रात्रभर दिवे लावून खोली पंचविसावर आणून ठेवली होती. डबा भरला, आणि मी खिशातून सिरिंज काढली. काकांनी हात पुढे केला. मी दिली. त्यांनी तिच्यात दहा मिली हार्डनर ओढला, मग स्वतःच्या खिशातून ते जुनं झाकण काढलं आणि सिरिंज त्याच्यात रिकामी केली. काठोकाठ. एक थेंब वर नाही, एक खाली नाही.

"बघितलंस?" काका म्हणाले. "वीस वर्षं."

"बघितलं काका."

"वहीत लिही."

मी लिहिलं. मग सांगितलं की खोली गरम आहे, दीडच झाकण पुरेल. काका म्हणाले, ते मला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे, आणि दीडच घातलं.

कोट लावून झाल्यावर खळगा दिसला. जिथे काका अंगठा दाबत होते तिथे, दाढेच्या वरच्या कडेजवळ, बरोबर अंगठ्याएवढा खड्डा, त्याच्यात रेषासुद्धा. मी म्हटलं, लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो. पण लांबी भरायची तर पुन्हा घासायचं, पुन्हा कोट, पुन्हा वाट बघायची. तीन वाजता टेम्पो येणार होता.

"राहू दे, इतक्या उंचावर कोण बघतंय," काका म्हणाले.

टेम्पो आला. दात चढवायच्या आधी ताई पुढे आली. सगळे थांबले, टेम्पोवालासुद्धा, त्याला काही माहीत नव्हतं तरी. तिने पूर्ण तळवा दातावर ठेवला आणि दाबला. बराच वेळ ठेवला. मुख्याध्यापकांनी भाषण केलं होतं तेवढा वेळ असेल. मग उचलला. उलटा करून काकांना दाखवला. कोरडा.

"हं," काका म्हणाले, आणि दोरी बांधायला वळले. दोरीला तीन गाठी पुरल्या असत्या, त्यांनी नऊ मारल्या.

पाच वाजता दात दवाखान्याच्या दारावर होता. चार मुळांची वरची दाढ, शास्त्राप्रमाणे चूक, रस्त्याच्या टोकापासून दिसणारी. बाकीचे तीन दातवाले आपापल्या दारात येऊन बघून गेले. सांगितलेला छोटा बोर्ड ताईने आत, हात धुण्याच्या बेसिनवर लावला.

पहिली पेशंट एक म्हातारी होती. आत शिरायच्या आधी मान वर करून बघितलं, बराच वेळ, चष्मा सरकवून. मग ताईला म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुमच्याच दाताला कीड लागलीय."

"ती कीड नाही, अंगठा आहे," काका शिडीवरून म्हणाले. दात हलतोय का ते बघायला ते अजून वरच होते.

"कोणाचा?"

"बाबांचा," ताई म्हणाली. "भरायचाय तो खड्डा. सोमवारी बोलावलंय त्यांना."

त्या सोमवारी काका लांबीचा डबा घेऊन गेले होते. दवाखान्यात चहा प्याले, खुर्ची वरखाली करून बघितली, स्वतःची एक दाढ तपासून घेतली आणि डबा न उघडता परत आले. त्याच्यानंतर अजून तीनदा गेलेत. दर वेळी डबा बरोबर असतो.